ड्रेनेज उलटं आलं तर घरातल्या संडासाचं तीन दिवस काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये आनंदवल्लीच्या बाजूला, नदीपासून दोन गल्ल्या आत, बारा फ्लॅटची तीन मजली जुनी इमारत. प्रश्न विचारणाऱ्या ताई तळमजल्यावर राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला तेव्हा पाणी त्यांच्या दारापर्यंत पोचलं नाही, पण बाथरूमच्या जाळीतून घाण वर आली. लाइट गेलेली, मोटर बंद, नळाला पाणी नाही. घरात पाच माणसं, त्यांत ७६ वर्षांच्या सासूबाई आणि दीड वर्षाचं बाळ. इमारतीमागे थोडी मोकळी माती, एक आंब्याचं झाड आणि कोपऱ्यात बोअर आहे. पुन्हा तशी वेळ आली तर दोन-तीन दिवस संडासाची सोय कशी करायची, आणि त्यासाठी आत्ता काय आणून ठेवायचं?

ताई, पहिलं काम वरच्या मजल्यांचे फ्लश बंद करायचं. बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्या बाथरूममध्ये वर आलेली घाण नदीची होती असं तुम्हाला वाटत असेल, तर त्यातला बराचसा भाग तुमच्याच इमारतीचा होता. जुन्या इमारतींत वरच्या तिन्ही मजल्यांचा पाइप आणि तळमजल्याचं कनेक्शन एकाच चेंबरला जोडलेलं असतं. रस्त्यावरची मेन लाइन भरलेली असली की वरून येणारं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं आणि सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर पडतं. ते तोंड म्हणजे तुमच्या बाथरूमची नहाणी, फरशीतलं पाणी जायचं भोक. संडासाच्या भांड्यापेक्षा नहाणीची जाळी खाली असते, म्हणून घाण आधी तिथे दिसते. वरच्या मजल्यावरच्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. त्याचा फ्लश नेहमीसारखाच खळखळून जातो.

मेन लाइन का भरते, तेही सांगतो. मैल्याचं पाणी शहरभर उताराने वाहत नेतात, त्यामुळे मोठ्या गटारवाहिन्या सगळ्यांत सखल जागी, म्हणजे गोदावरी आणि नासर्डी नद्यांच्या काठाने टाकाव्या लागतात. तिथून ते पंपिंग स्टेशनमार्गे तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी, गंगापूर इथल्या मलनिस्सारण केंद्रांकडे जातं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काठावरची चेंबर पाण्याखाली जातात, नदीचं पाणी लाइनमध्ये शिरतं, पंप बंद पडतात किंवा बंद करावे लागतात. म्हणजे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याचे फोटो तुमच्या ग्रुपवर फिरत असतात, तेव्हा तुमच्या गल्लीखालच्या लाइनने केव्हाच हात टेकलेले असतात. सराफ बाजार आणि दहीपुलाकडच्या जुन्या लोकांना विचारा, नदी चढायच्या आधी गटार चढतं हे ते सांगतील.

लाइन चालू आहे की नाही हे ओळखणं अवघड नाही. इमारतीचं रस्त्याकडचं शेवटचं चेंबर उघडून बघा. तळाशी अर्धगोल नाली दिसत असेल आणि पाणी सरकत असेल तर ठीक. पाणी पाइपाच्या वरपर्यंत चढून थांबलेलं असेल तर लाइन बंद आहे असं समजा आणि सगळ्या फ्लॅटना तसं कळवा. पावसात चेंबरशी जायची सोय नसेल तर घरातली खूण धरा: कोणी फ्लश केला की नहाणीतून गुडगुड आवाज येतो आणि जाळीतलं पाणी वरखाली होतं. ती गुडगुड आली की तासा-दोन तासांत घाण वर येणार असं धरून चाला.

तेवढ्या वेळात तोंडं बंद करायची. नहाणीची जाळी काढा, जुना टॉवेल घट्ट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तो बोळा दाबून बसवा. त्यावर वाळूची पिशवी. संडासाच्या भांड्याच्या घशातही तसाच बोळा आणि वर वाळू. किती वजन लागतं? चार इंची तोंडावर एक मीटर उंचीच्या पाण्याचा रेटा साधारण आठ किलोचा असतो. म्हणजे पंधरा-वीस किलो वाळू भरलेली सिमेंटची गोणी नीट बसवली तर तेवढ्याला पुरून उरते. कमोड असेल तर त्याचं तोंड मोठं असतं, त्यामुळे गोणी नुसती सीटवर ठेवून भागत नाही, बोळा आत घशापर्यंत जायला हवा. मात्र वरचे लोक फ्लश करतच राहिले तर यातलं काही टिकणार नाही. तळमजला बंद केलात तर पाणी पहिल्या मजल्याच्या नहाणीतून बाहेर पडेल. म्हणून म्हटलं, आधी वरचे फ्लश. तुम्ही तळमजल्याच्या आहात म्हणून लोक तुमचं ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आत्ताच ठरवून घ्या की चेंबर भरलं की बाराही घरं फ्लश बंद करतील, आणि ते सांगायचं काम पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरच्या कोणाला तरी द्या.

आता ते तीन दिवस.

यातली मुख्य गोष्ट एकच आहे: लघवी आणि शौच एकत्र होऊ द्यायचं नाही. वास, माश्या, सांडणं, उचलताना होणारे हाल, हे सगळं दोन्ही एकत्र झाल्यामुळे होतं. कोरड्या भुशात झाकलेल्या शौचाला फारसा वास येत नाही. त्यात लघवी पडली की काही तासांत अमोनिया सुटतो आणि घरात बसवत नाही. हिशेब करून बघा. एक माणूस दिवसाला एक ते दीड लिटर लघवी करतो आणि शौच साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम. पाच माणसांचं तीन दिवसांचं शौच चार-पाच किलोच्या आत बसतं. भुसा धरूनही ते रंगाच्या एका वीस लिटरच्या बादलीत मावतं. दोन्ही एकत्र केलंत तर तीच बादली तिसऱ्या दिवशी काठोकाठ भरते आणि ती डचमळणारी बादली उचलून न्यायची वेळ येते.

रंगाच्या रिकाम्या बादल्या पेंटर लोकांकडे मिळतात, घट्ट झाकणाच्या बघून घ्या. एक शौचासाठी, एक लघवीसाठी. शौचाच्या बादलीत काळ्या जाड कचऱ्याच्या दोन पिशव्या एकात एक घाला, कडा बाहेर दुमडून दोरीने बांधा. तळाशी चार बोटं कोरडा थर द्या. लाकडाच्या वखारीतला भुसा सगळ्यांत चांगला. तो नसेल तर चुलीची चाळलेली राख, वाळलेली बारीक माती, भाताचं तूस, यांतलं काहीही चालेल, पण कोरडं हवं. पावसाळ्यात कोरडी माती शोधून सापडत नाही, म्हणून मे महिन्यातच एक गोणी भरून ठेवायची. दर वेळी शौचानंतर ओंजळ-दोन ओंजळ भुसा टाकून सगळं पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. काही दिसत राहिलं तर आणखी टाका. इथे काटकसर नको.

इंग्रजी माहितीपत्रकांत बादलीवर सीट ठेवून बसायला सांगतात. आपल्याकडे उकिडवं बसायची सवय असलेल्यांना तसं होत नाही आणि प्लास्टिकची बादली त्यांच्या वजनाने कलंडते. त्यांच्यासाठी घमेलं वापरा. दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा, मध्ये घमेलं, त्यात भुशाचा थर. झालं की वर भुसा टाकून ते मोठ्या बादलीत उलटं करायचं. आधी लघवी दुसऱ्या भांड्यात उरकून घ्यायची, मग इकडे बसायचं. थोडी इकडची तिकडे होणारच. भुसा जास्त टाका, एवढंच.

सासूबाईंना यातलं काही झेपणार नाही. त्यांच्यासाठी कमोड चेअर आणा. दवाखान्याचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांत ती मिळते, आणि गुडघे दुखत असतील तर पुराशिवायही ती उपयोगी पडेल. तिच्या भांड्यात पिशवी आणि भुसा आधीच घालून ठेवा. खुर्ची त्यांच्या पलंगाजवळ, पडद्याआड ठेवा आणि रात्री हाताशी टॉर्च द्या. म्हातारी माणसं अशा वेळी एक गोष्ट हमखास करतात: उठावं लागू नये म्हणून पाणी पिणं सोडतात, जेवण कमी करतात. मग तिसऱ्या दिवशी चक्कर येते, लघवीला जळजळ होते. त्यांना संकोच वाटू नये एवढा आडोसा आधी करा, आणि पाण्याचा ग्लास कोणीतरी समोर बसून प्यायला लावा.

आता धुण्याचा प्रश्न. भुशाच्या बादलीत धुवायचं पाणी गेलं की सगळी मेहनत वाया. म्हणून आधी कागदाने पुसून घ्यायचं, तो कागद बादलीतच टाकायचा, आणि मग बाजूच्या टबावर टमरेलभर पाण्याने धुवायचं. पुसून घेतलं तर अर्धा लिटर पाणी पुरतं. हे धुण्याचं पाणी लघवीच्या बादलीत मिसळू नका. निरोगी माणसाची लघवी तशी फार धोक्याची नसते, ती पाणी घालून पातळ करून आंब्याच्या बुंध्याभोवती ओतता येते. धुण्याच्या पाण्यात मात्र जंतू असतात, त्यासाठी एक छोटा वेगळा खड्डा करा आणि वर माती लोटा.

टीसीएल पावडरबद्दल, म्हणजे ब्लीचिंग पावडरबद्दल, इथेच सांगतो, कारण सगळी गडबड तिच्यावरून होते. पूर ओसरला की रस्त्याकडेने पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं की घाणीवर पावडर टाकली की काम झालं. तसं होत नाही. क्लोरिन आधी त्या घाणीशीच झुंजण्यात संपतं, जंतूंपर्यंत फारसं पोचत नाही. शौचाच्या बादलीत टीसीएल टाकून उपयोग नाही. लघवीच्या बादलीत तर चुकूनही टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की डोळे आणि छाती जाळणारा वायू सुटतो. संडास साफ करायच्या ॲसिडवर किंवा बाजारातल्या बहुतेक टॉयलेट क्लीनरवर टीसीएल पडली तर थेट क्लोरिन वायू. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं.

शौचाच्या बादलीत काही घालायचंच असेल तर विझवलेला चुना घाला. त्याने जंतू खरोखर मरतात आणि माश्या बसत नाहीत. कळीचा चुना घरात आणू नका, तो पाणी लागताच उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो. मैदानावर रेघा मारायची फक्की म्हणजे अनेकदा नुसती दगडाची भुकटी असते, तिचा इथे उपयोग नाही. चुना हातमोजे घालून, मूठभर, भुशावर भुरभुरा. लघवीच्या बादलीत मात्र चुना नको, वास दुप्पट होईल.

बादली भरली की कुठे न्यायची? पहिली गोष्ट, घंटागाडीत नाही. त्या पिशवीवर लिहिलेलं नसतं आत काय आहे, आणि पुढे कोणाचा तरी हात तिच्यात जातो. नाल्यात, नदीत, पुराच्या पाण्यात तर नाहीच. ते पाणी पुढे नदीकाठच्या चांदोरी, सायखेड्याच्या घरांत शिरतं.

तुमच्याकडे माती आहे, म्हणून तुम्ही पुरू शकता. इमारतीच्या आवारातली सगळ्यांत उंच जागा निवडा, दीड-दोन फूट खणा, पिशवी बाजूला काढून आतलं खड्ड्यात टाका आणि वर किमान फूटभर माती घट्ट दाबा. पिशवीसकट पुरलंत तर ते वर्षानुवर्षं तसंच राहील. रिकामी पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधून, वर ठळक अक्षरांत खूण करून, डायपरच्या कचऱ्याबरोबर वेगळी द्या. बोअरपासून तीस मीटर लांब, असा नियम सांगतात. पण तो मातीच्या जमिनीसाठी ठीक आहे. नाशिकमध्ये दोन-चार फुटांवर मुरूम लागतो, त्याखाली काळा पाषाण, आणि त्या पाषाणाच्या भेगांतून पाणी न गाळता सरळ खाली उतरतं. तुमचं आवार लहान आहे, तीस मीटर मिळणारही नाहीत. म्हणून खड्डा उथळ ठेवा, मुरुमापर्यंत जाऊ नका, आणि त्यानंतर काही महिने त्या बोअरचं पाणी पिण्याच्या आसपासही आणू नका. खणताना खड्ड्यात पाणी साचू लागलं तर पुरू नका. झाकण लावून बादली गच्चीवर सावलीत ठेवा आणि पाणी उतरायची वाट बघा. कुत्री-मांजरी पोचणार नाहीत एवढं बघा.

ज्यांच्याकडे मातीच नाही, म्हणजे बहुतेक फ्लॅटवाले, त्यांनी भुसा वापरूच नये. भुसा संडासात टाकला की लाइन चालू झाल्यावर पुन्हा चोकअप. त्यांनी पिशवी न लावता, पाण्यात विरघळणाऱ्या टॉयलेट रोलचे थर द्यावेत, वर थोडा चुना, झाकण घट्ट. लाइन मोकळी झाली की थोडं थोडं संडासात टाकून प्रत्येक वेळी अर्धी बादली पाण्याने ढकलावं. जेवणाच्या टेबलावरचे पेपर नॅपकिन आणि ओले वाइप्स विरघळत नाहीत, ते यात नकोत.

आणि ही बादली उचलायची कोणी? मी आयुष्यभर ड्रेनेजच्या कामात होतो, म्हणून हे स्पष्ट बोलतो. अशा वेळी बऱ्याच घरांत पहिला विचार येतो तो धुणीभांडीवाल्या मावशींना किंवा झाडूवाल्याला पाचशे रुपये देऊन मोकळं व्हायचा. आपल्या घरातली बादली आपणच उचलायची. पाच किलोची झाकलेली, कोरडी बादली उचलणं हे कोणत्याही धडधाकट माणसाचं दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते घरातल्या पुरुषांनी करावं, कारण बाकीचं सगळं बायकांकडेच येऊन पडलेलं असतं. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं तर त्याहून वाईट. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. कमी असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेणं आणि संरक्षणाशिवाय गटारात किंवा टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि सोसायटीच्या चेअरमनलाही तो लागू होतो. मशीनची गाडी येईपर्यंत थांबायचं.

हात धुण्यावर मी दोन ओळींतच सांगणार होतो, पण सगळ्या यादीतलं एकच काम जमणार असेल तर ते हेच करा. नळ बंद असताना लोक बादलीत हात बुडवून धुतात, आणि मग ती बादलीच दूषित होते. दोन लिटरची बाटली घ्या, झाकणाला तापवलेल्या सुईने भोक पाडा आणि ती खिडकीच्या गजाला उलटी टांगा. झाकण थोडं सैल केलं की धार येते, आवळलं की थांबते. शेजारी दोरीला साबण बांधा. एका माणसाचे हात साबणाने नीट धुवायला पाव लिटरही पाणी लागत नाही. संडासानंतर, बाळाचं केल्यानंतर, स्वयंपाकाला आणि जेवायला बसण्याआधी. सॅनिटायझरवर विसंबू नका. मळलेल्या हातांवर तो चालत नाही आणि पोटाच्या काही विषाणूंचं त्याने काही बिघडत नाही.

बाळाला ते तीन दिवस कापडी लंगोट नकोत. धुवायला पाणी कुठून आणणार? डायपरचं एक मोठं पाकीट ठेवा. बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज मात्र काढून टाका. तिच्यातही तेवढेच जंतू असतात. डायपरमधलं भुशाच्या बादलीत झटकायचं, डायपर गुंडाळून वेगळ्या पिशवीत. सॅनिटरी पॅडही तसेच, कागदात गुंडाळून त्याच पिशवीत. ही पिशवी घंटागाडी सुरू झाल्यावर वेगळी द्यायची.

पुराशिवाय आणखी एक प्रसंग नाशिककरांना जास्त वेळा येतो: शनिवारचं शटडाऊन, म्हणजे पाणीपुरवठा बंद. रविवारी कमी दाबाने पाणी येतं, आणि कुठे पाण्याची मेन फुटली तर सोमवार उजाडतो. इथे ड्रेनेजची लाइन चालू असते, फक्त पाणी नसतं. मग बादल्या-भुशाची काही गरज नाही. चूक होते ती टमरेलाने थोडं थोडं पाणी ओतण्यात. त्याने भांडं स्वच्छ दिसतं, पण मैला आडव्या पाइपात अडकून बसतो. पाच-सहा लिटर पाणी एका झटक्यात, कमरेच्या उंचीवरून ओता. लघवीनंतर दर वेळी फ्लश नको, तीन-चारदा झाल्यावर एक टमरेल. पाच माणसांचं दिवसाचं काम तीस-पस्तीस लिटरमध्ये भागतं, आणि त्यासाठी भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं, कपड्यांचं पाणी चालतं. खरकटं गाळून घ्या, बस.

पूर ओसरल्यावर घाई करू नका. लाइट आली म्हणजे ड्रेनेज सुरू झालं असं नाही. पुन्हा चेंबर उघडा. पाणी उतरलेलं दिसलं की तळमजल्यावर बादलीभर पाणी ओता आणि ते चेंबरमधून पुढे गेलं का बघा. मग वाळूच्या गोण्या काढा, मग वरच्यांना सांगा, आणि तेही एकेक मजला करून.

घाण आत आली असेल तर चिखल ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय नाही, कारण उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो तापाचा जंतू पायाच्या छोट्या जखमेतूनही आत जातो. आधी साबण-पाण्याने घासून धुवा. त्यानंतर टीसीएलचं खरं काम सुरू होतं: एक लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण मोठा चमचाभर, ताजी पावडर. ते फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर पसरून दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. गादी, उशा, प्लायवूडच्या खालच्या फळ्या वाचवायच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीकडे. लाइट येताच कोणीतरी मोटर लावतं आणि टाकीत शिरलेलं घाण पाणी बाराही घरांच्या नळाला येतं. मोटरच्या बटणावर चिकटपट्टी लावा. टाकी पंपाने पूर्ण उपसा, लांब ब्रशने वरून धुवा. कोणी आत उतरणार असेल तर झाकण बराच वेळ उघडं ठेवून, आत हवा सोडून, कमरेला दोर आणि बाहेर दोन माणसं असल्याशिवाय नाही. मग भरून दर हजार लिटरला दीडशे ग्रॅम टीसीएल, रात्रभर तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ते पाणी काढून टाकायचं. त्यानंतर रोजच्या वापराला हजार लिटरला पाच ग्रॅम, अर्धा तास थांबून. प्यायचं पाणी काही दिवस उकळूनच.

जुलाब लागले तर ओआरएस, नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब, बाळाची लघवी बंद होणं, डोळे खोल जाणं, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून १०८ ला फोन. कावीळ मात्र लगेच दिसत नाही, पुरानंतर दोन ते सहा आठवड्यांनी डोकं वर काढते. इमारतीत कोणी गरोदर असेल तर हे तिला आणि तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बायकांसाठी फार वाईट.

आता पावसाळ्याआधीचं काम. चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा असं तुम्हाला कोणीही प्लंबर सांगेल, आणि बसवावाच. पण तो बंद झाला की तुमच्या इमारतीचं पाणीही बाहेर जात नाही. आतल्या बाजूला साठत जातं. व्हॉल्व्ह बसवला म्हणून बिनधास्त फ्लश करणाऱ्या इमारतींचे तळमजले नदीच्या मदतीशिवाय बुडतात. त्यात जुन्या इमारतींत गच्चीचे पावसाचे पाइपही बऱ्याचदा ड्रेनेजच्याच चेंबरमध्ये सोडलेले असतात. दोन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं. व्हॉल्व्ह बंद असताना ते कुठे जाणार? तुमच्या नहाणीकडे. म्हणून व्हॉल्व्ह बसवण्याआधी गच्चीचे पाइप ड्रेनेजमधून काढून जमिनीवर किंवा पावसाळी गटारीत सोडा. खर्च फार नाही. आणि पैसे सुटत असतील तर तळमजल्याचं कनेक्शन वेगळं करून थेट शेवटच्या चेंबरला जोडून घ्या. व्हॉल्व्हची झडप दर मे महिन्यात उघडून, अडकलेल्या चिंध्या काढून, हाताने हलवून बघायची.

सामान फारसं नाही: झाकणाच्या बादल्या, घमेलं, भुशाची गोणी, काळ्या पिशव्या, टॉयलेट रोल, हातमोजे, वाळूच्या गोण्या, विझवलेला चुना, टॉर्च. टीसीएल मागच्या वर्षीची वापरू नका. उघडी पावडर हवेत ताकद गमावते, नाकाला झोंबत नसेल तर ती गेलेली आहे. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, ॲसिडच्या बाटलीपासून लांब ठेवा. लोखंडी कपाटात नको, कपाट गंजेल. आणि चेंबरचं झाकण उचलायचा लोखंडी हुक सध्या वॉचमनकडे असेल तर तसाच दुसरा करून घ्या आणि तुमच्या दारामागे टांगा.